हलक्या गाडीची शेपटी: टोकदार की छाटलेली?

वायुपुत्र
बांधायची गाडी अशी: तीनचाकी, पुढे दोन चाकं, आसनं एकामागे एक, भरलेलं वजन ३०० किलो, बॉडी १.१ मीटर रुंद आणि तितकीच उंच. माझ्या मते मागची बाजू निमुळती करत थेट टोकापर्यंत न्यावी. बोथट संपवली की मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तोच गाडीला ओढून धरतो.

पाना-पक्कड
हिशेब करा. उतार १२ अंशांच्या फार पुढे नेला तर हवा बॉडी सोडते. १२ अंशांनी चहूबाजूंनी निमुळतं करत टोक गाठायला २.६ मीटर लागतात. छेदाचं क्षेत्रफळ मात्र पहिल्या ७५ सेंटिमीटरमध्येच निम्मं होतं. तिथेच छाटा. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम्म यांनी १९३० च्या दशकात हाच मार्ग दाखवला. १९९६ ची जीएम ईव्ही१ ही विजेवरची गाडी टोकाशिवायच ०.१९ ड्रॅग गुणांकाला (हवेच्या विरोधाचं माप, कमी तितकं बरं) पोचली, मागची चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ घेऊन. फक्त छाटलेली कड धारदार ठेवा. गोल केलीत तर हवा कुठे सुटेल याचा नेम नाही.

वायुपुत्र
निम्मं उरलंच ना! गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ छाटलेलीला ०.२० आणि टोकदार शेपटीला ०.१८५ चौरस मीटर धरा. ताशी ९० किमीला १४० वॅट वाचतात. शेपटी १२ किलोची झाली तरी टायरचा जादा खर्च २४ वॅट.

पाना-पक्कड
९० ला! वाऱ्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते. ४५ ला वाचतात १८, त्यातले १२ टायर खातात. सहा वॅटसाठी १.८ मीटर लांबी वाढवायची? शिवाय मागच्या चाकापलीकडचं वजन गुरुत्वमध्य मागे नेतं. पुढे दोन चाकं असताना तेच नको, वळणावर उलटायला सोपं.

घासलेला टायर
दोघंही शेपटी धरून बसलात. आधी तळ सपाट झाका, मागचं चाक आत घ्या, पुढच्यांना आवरणं लावा. आवरण बसवताना सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, नाहीतर टायर घासतोच. मग फोमच्या कच्च्या बॉडीवर, फायबरग्लास चढवण्याआधी, ६ सेंटिमीटरचे लोकरीचे धागे १० सेंटिमीटर अंतराने चिकटवा आणि बाजूच्या गाडीतून, जरा लांबूनच, व्हिडिओ घ्या. धागा पुढे वळला किंवा गरगरला की तिथे हवा सुटली.

वायुपुत्र
धागे सरळ म्हणजे ड्रॅग कमी, असं नव्हे. टोक बोल्टने काढता-घालता येईल असं करा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, न्यूट्रलमध्ये सोडून वेग किती सेकंदांत उतरतो ते दोन्ही दिशांनी मोजा. टोकाविनाच्या फेरीत १२ किलो गाडीत ठेवा, नाहीतर तुलनाच चुकेल.

पाना-पक्कड
चालेल. पण ९० वरून ४५ पर्यंतची नोंद घ्या, नुसती वरची नको.