पाण्यावरचा रंग, रोबोटची स्थिरविद्युत गन आणि टाकीजवळ बसलेला झटका

प्रश्न (वाळूज):
नमस्कार. आमच्या पेंट शॉपमध्ये थिनरऐवजी पाण्यावरचा रंग सुरू झाला असून रंगाच्या थेंबांना विद्युतभार मिळून ते वस्तूकडे ओढले जावेत म्हणून रोबोटच्या फवारणी गनला ६० किलोव्होल्ट दिले जातात. काल गन बंद केल्यानंतरही रंगाच्या टाकीजवळ मदतनिसाला जोराचा झटका बसला. असे का व्हावे?

उत्तर (जालना):
हा रंग वीजवाहक असल्याने गनचे व्होल्टेज नळीतल्या रंगातून मागे टाकीपर्यंत पोहोचते. म्हणूनच टाकी जमिनीपासून विलग करून बंद पिंजऱ्यात ठेवतात, आणि पुरवठा थांबला तरी तिच्यात साठलेला विद्युतभार लगेच ओसरेलच असे नाही. आधी अर्थिंगच्या (जमिनीला तारेने जोडलेल्या) दांड्याने तो उतरवावा, मगच झाकणाला हात लावावा. पिंजऱ्याच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडताच उच्च व्होल्टेज बंद करणारी कळ) कधीही बायपास करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

उत्तर (लातूर):
रोबोट, हँगर (वस्तू टांगायचा आकडा), रंगवायची वस्तू आणि माणूस मात्र अर्थ, म्हणजे जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेले, असलेच पाहिजेत. हँगरवर रंगाची पुटे चढली की हा जोड तुटतो; वस्तू व अर्थिंग यांच्यातील रोध १ मेगओहमच्या आत असावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात रबरी तळव्याची पादत्राणे नकोत, कारण त्यांमुळे माणूस अर्थ राहत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्याकडे दांडाच नव्हता. तो येईपर्यंत टाकी उघडणे थांबवले आहे.