'मॉडिफाइड डेंड्रिटिक सेल'ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याहून
मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मामेभावानं परदेशातून एका उपचाराची इंग्रजी माहिती पाठवली, आणि ती मराठीत करून मामांना वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी लिहिलं : 'सुधारित द्रुमाकृतिक पेशींची लस देऊन कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढवणे.' मामा निवृत्त मास्तर. चष्मा काढून म्हणाले, "सुधारित म्हणजे? माझ्या पेशी नापास झाल्या होत्या काय?" आणि लगेच, "रोग झाल्यावर लस कसली गो?" मी गप्प. कुणीतरी सोडवा.

साखळीहून
'द्रुमाकृतिक' हिंदीतून आलेला दिसतो, तो आधी काढा. ग्रीक 'देंद्रॉन' म्हणजे झाड, ऱ्होडोडेंड्रॉनमधला तोच. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना १९७३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात उंदराच्या प्लीहेत या पेशी दिसल्या, त्यांना फांद्यांसारखे फाटे होते, म्हणून हे नाव. मराठीत 'वृक्षिका' म्हणावं तर तो शब्द चेतापेशीच्या फाट्यांनी आधीच अडवलाय. हा घोळ जुनाच : पाउल लँगरहान्सनं १८६८ साली कातडीत याच जातीच्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जासंस्थेच्या समजला. माझं मत 'शाखी पेशी'ला.

पेडण्याहून
आमच्याकडे झाड म्हटलं की आधी माड डोळ्यांसमोर येतो, आणि माडाला फांदी कुठली! आकार सोडा, कामावरून नाव द्या. ही पेशी परक्या किंवा बिघडलेल्या वस्तूचा तुकडा उचलते, लसिकाग्रंथीत जाऊन टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवते : 'हा बघा, असा दिसतो.' गावात चोर शिरल्याची खबर चौकीवर नेण्याला आपण वर्दी देणं म्हणतो. म्हणून 'वर्दी पेशी'.

साखळीहून
झकास, पण आजची मुलं वर्दी म्हणजे पोलिसाचे कपडे समजतात. नाव 'शाखी'च राहू दे, समजावताना 'वर्दी देणारी' म्हणा.

डिचोलीहून
लॅबमध्ये काम करतो, म्हणून 'मॉडिफाइड'बद्दल. रुग्णाचंच रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. काही पद्धतींत त्यांपासून शाखी पेशी वाढवायला आठवडाभर लागतो. मग त्यांना गाठीतल्या एखाद्या प्रथिनाची ओळख करून देतात आणि त्याच माणसाला परत देतात. काही ठिकाणी जनुकीय फेरफारही करतात, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणजे 'सुधारित' चुकलंच. ते भाताच्या बियाण्याला शोभतं. 'कलमी पेशी'ही सुचला होता, पण मानकुराद आंब्याचं कलम म्हणजे दोन झाडांची जोड, इथं सगळं एकाच माणसाचं. मी म्हणेन 'पढवलेल्या पेशी'.

म्हापशाहून
वकील आहे, पढवलेला साक्षीदार रोज बघते. तो शब्द नको! 'शिकवून पाठवलेल्या' म्हणा. मास्तरांनाही रुचेल.

लशीचं म्हणाल तर मामांची शंका रास्त आहे, शब्द मात्र निर्दोष आहे. खरचटलं की जखमेतून जे पातळ पाणी येतं तीही लसच. देवीच्या फोडातलं तसलं द्रव्य टोचत, त्यावरून नाव पुढं सरकलं. इंग्रजी शब्द तर लॅटिनमधल्या गायीवरून आलाय, कारण जेन्नरनं १७९६मध्ये गोस्तनदेवीचं द्रव्य टोचलं होतं. रोग होण्याआधीच घ्यायची ती लस, हा अर्थ वापरानं चिकटलाय. तेव्हा 'उपचाराची लस' असं फोडून लिहा.

पेडण्याहून
'प्रतिकारशक्ती वाढवणे' वाचलं की मला हळदीचं दूध आणि काढे आठवतात. इथं शक्ती सरसकट वाढवायची नाही, एका शत्रूवर रोखायची आहे. 'चेतवणे' घ्या. चूल चेतवतात तशी. राखेखाली निखारा असतो, फुंकणी मारावी लागते.

डिचोलीहून
चालेल, फक्त जाळ मोठा दाखवू नका. प्रोस्टेटसाठीच्या अशा एका उपचाराला अमेरिकेत २०१०मध्ये मान्यता मिळाली, पण ५१२ रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान साधारण चार महिन्यांनीच वाढलं होतं. खुद्द स्टाइनमननं स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर स्वतःवरच हे करून पाहिलं. २०११चं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्याला जाऊन तीन दिवस झाले होते. 'हमखास', 'रामबाण' असं काही वाक्यात घुसू देऊ नका. आणि मामांना लागू पडतं का, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

फोंड्याहून
नवं वाक्य असं झालं : 'रुग्णाच्याच शाखी पेशींना कर्करोगाची ओळख शिकवून परत शरीरात पाठवायचं आणि त्याविरुद्धचा प्रतिकार चेतवायचा, ही उपचाराची लस.' मामांनी दोनदा वाचलं. 'परत'वर लाल पेनानं गोल केला आणि विचारलं, "टोचतात कुठं, दंडात?"

डिचोलीहून
अमेरिकेतली ती सलाईनसारखी शिरेतून देतात, साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा. म्हणजे 'लस टोचणे'तलं टोचणंही इथं फक्त सुईपुरतं उरलं.