ब्राह्मी पिवळी पडतेय? आधी पान बघा
गच्चीतल्या ब्राह्मीची पानं पिवळी पडून कडा करपतात, असं एकांनी विचारलंय. पान गोलसर, कातरलेल्या कडांचं असेल तर ती मंडूकपर्णी, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. पुण्यात नर्सरीत बऱ्याचदा हीच ब्राह्मी म्हणून मिळते. बारीक, जाडसर पानांची जलब्राह्मी वेगळी. मंडूकपर्णी मूळची ओलसर बांधावरची, त्यामुळे एप्रिल-मेचं गच्चीवरचं ऊन तिला सोसत नाही. सकाळचं कोवळं ऊन पुरे. खोल कुंडीपेक्षा पसरट भांडं बरं (माझी जुन्या घमेल्यात आहे, तळाला भोकं पाडून). तिचे धावते फुटवे माती शिवली की पेऱ्याला मुळं धरतात; तोच तुकडा कापून लावा, बियांच्या नादी लागू नका. माती मात्र सुकू देऊ नका.