सोसायटीच्या वार्षिक अहवालासाठी पाय चार्ट कसा करावा? सल्ला हवाय

पाणवठा

नमस्कार मंडळी,

आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि यंदा अहवालाचं काम माझ्याकडे आलंय. दरवर्षी जमाखर्चाचं पत्रक जसंच्या तसं छापलं जातं. ते फारसं कुणी वाचत नाही आणि मग सभेत 'एवढा मेंटेनन्स जातो कुठे?' हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर एका पानावर, ज्येष्ठ सभासदांनाही चटकन कळेल असं द्यायची माझी फार इच्छा आहे.

एकूण खर्च 24 लाख. सुरक्षारक्षक 8,40,000, सार्वजनिक वीज 4,32,000, सफाई 3,60,000, पाणी 2,88,000, लिफ्ट 1,92,000, दुरुस्ती 1,44,000, विमा 48,000, लेखापरीक्षण 36,000, बाग 24,000, छपाई-टपाल 24,000, बँक आणि किरकोळ 12,000.

एक्सेलमध्ये पाय चार्ट (वर्तुळाचे तुकडे करून वाटे दाखवणारं चित्र) टाकला तर अकरा रंग, शेजारी अकरा नावांची यादी आणि शेवटचे पाच तुकडे म्हणजे नुसत्या रेघा. टक्के दाखवले तर बेरीज 101 येतेय! शिवाय अहवाल काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स होणार आहे. मागच्या वर्षीचा खर्चही शेजारी दाखवायचा विचार आहे. खजिनदार एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात, तेही लक्षात घ्या. कसं करू?

अंकलिपी

101 चं कारण तुमच्याच आकड्यांत आहे. लेखापरीक्षण 1.5 टक्के आणि किरकोळ 0.5 टक्के, दोन्ही पूर्णांकात वर ढकलले जातात आणि एक टक्का जास्त दिसतो. शेवटचे पाचही खर्च 'इतर' म्हणून एकत्र करा. 1,44,000, म्हणजे बरोबर 6 टक्के. मग 35, 18, 15, 12, 8, 6, 6. बेरीज 100 आणि तुकडे सात. पायमध्ये याहून जास्त तुकडे ठेवूच नयेत असं माझं ठाम मत आहे. 'इतर'चा तपशील चार्टखाली एका ओळीत द्या, म्हणजे काही लपवलं असं कुणाला वाटणार नाही.

आता एक्सेलमधली कामं. आधी तक्ता मोठ्या रकमेपासून छोट्या रकमेकडे लावून घ्या, 'इतर' मात्र शेवटीच. एक्सेल घड्याळातल्या 12 पासून उजवीकडे तुकडे मांडत जातं, त्यामुळे सुरक्षारक्षकांचा मोठा तुकडा आपोआप वर उजवीकडे येतो आणि नजर तिथूनच सुरू होते. बदल हवा असेल तर तुकड्यावर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा सिरीज, अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस.

मग शेजारची यादी, म्हणजे लेजंड, काढूनच टाका. तिच्यामुळे वाचणाऱ्याला रंग बघायचा, यादीत शोधायचा, परत चार्टकडे यायचं, असे हेलपाटे पडतात. त्याऐवजी ॲड डेटा लेबल्स करा, फॉरमॅट डेटा लेबल्समध्ये कॅटेगरी नेम आणि पर्सेंटेज यांवर खूण करा, व्हॅल्यूवरची काढा. जागा आउटसाइड एंड. लेबल हाताने थोडं लांब ओढलं की लीडर लाइन, म्हणजे लेबलला तुकड्याशी जोडणारी रेघ, दिसते.

अहवाल मराठीत आहे, तर टक्केही देवनागरी अंकांत येऊ शकतात. लेबलच्या नंबर विभागात कस्टम निवडून [$-4000439]0% हा फॉरमॅट द्या. तक्त्यातल्या रकमांचे स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने पडत नसतील तर [>=100000]##\,##\,##0;##,##0 वापरा.

रानवारा

थ्रीडी पायच्या वाटेला जाऊ नका. तबकडी कलली की पुढचा तुकडा मोठा दिसतो आणि मागचा दबतो. पैशाच्या हिशेबात हे चालणार नाही.

सांजसावली

माझं मत थोडं वेगळं आहे. पाय सोडा, आडवे बार काढा. क्लीव्हलँड आणि मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की, एका रेषेवरची लांबी माणूस कोनापेक्षा जास्त अचूक ओळखतो. तुमच्याच चार्टमधली लेबलं झाका आणि वीज जास्त की सफाई, सांगा बरं. 18 आणि 15 मधला फरक पायमध्ये दिसत नाही, बारमध्ये लगेच दिसतो.

अंकलिपी

सांजसावली, दोन खर्चांची तुलना हा प्रश्न असेल तर तुमचं बरोबरच आहे. पण इथे सभासदांचा प्रश्न 'माझ्या पैशातला किती वाटा कशाला गेला' हा आहे. एक तृतीयांशाहून जास्त वाटा सुरक्षेचा, आणि सुरक्षा अधिक वीज मिळून निम्म्याच्या वर, हे वर्तुळात न मोजता दिसतं. 1926 मध्ये ईल्स या संशोधकाने एका संपूर्णाचे भाग दाखवायला वर्तुळ आणि बार यांची तुलना केली होती, त्यात वर्तुळ मागे पडलं नव्हतं. विल्यम प्लेफेअरने 1801 मध्ये पाय चार्ट छापला तोही संपूर्णातला वाटा दाखवायलाच.

आपल्याकडे केंद्रीय अर्थसंकल्पात 'रुपया येतो कुठून, जातो कुठे' हे वर्तुळ पैशांत दाखवतात. पाणवठा, तुम्हीही तसंच करा. शीर्षक द्या: 'तुमच्या एका रुपयातले 35 पैसे सुरक्षेवर'. 'खर्चाचे विवरण' या शीर्षकातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

सांजसावली

वाट्याच्या प्रश्नाला पाय, हे मान्य. पण मागच्या वर्षाची तुलना मात्र बारमध्येच करा. दोन पाय शेजारी ठेवले की दोन्ही वर्तुळं सारखीच दिसतात आणि एकूण खर्च वाढला की घटला तेच कळत नाही. प्रत्येक खर्चाला दोन बार, गेल्या वर्षीचा फिका आणि यंदाचा गडद.

टाकदौत

झेरॉक्ससाठी सांगते. रंगांच्या भरवशावर राहू नका. लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये एकाच राखाडीत जाऊ शकतात आणि काही माणसांना ते एरवीही वेगळे दिसत नाहीत. एकाच रंगाच्या गडद ते फिक्या छटा घ्या आणि तुकड्यांना पांढरी, दीड पॉइंट जाडीची बॉर्डर द्या. शेजारच्या छटा सारख्या वाटल्या तरी ती रेघ तुकडे वेगळे ठेवते. नावं तुकड्यांच्या बाहेरच असल्यामुळे रंग ओळखायची गरजच उरत नाही. एकाच तुकड्याकडे लक्ष वेधायचं असेल तर तेवढाच गडद ठेवा, बाकी सगळे फिके. तुकडा बाहेर ओढण्यापेक्षा हे बरं.

रानवारा

खजिनदारांसाठी: लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये नवा पाय काढला की तुकडे घड्याळाच्या उलट दिशेने लागतात. डेटा सिरीजच्या ऑप्शन्समध्ये क्लॉकवाइज डायरेक्शनवर खूण करायला सांगा.

आणखी एक, खर्चात कुठे परताव्याची उणे रक्कम आहे का ते बघा. एक्सेल पायमध्ये उणे चिन्ह सोडून देतं आणि ती रक्कम खर्च असल्यासारखी काढतं. चार्टकडे बघून ते अजिबात कळत नाही.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. विम्याच्या 48,000 मध्ये परतावा आधीच वजा केलेला आहे, तपासलं. सात तुकडे, राखाडी छटा, पैशांचं शीर्षक आणि खालच्या अर्ध्या पानावर दोन वर्षांचे बार, असं ठरवलंय. बँक आणि किरकोळच्या 12,000 वरून गेल्या सभेत बराच वाद झाला होता, म्हणून 'इतर'ची फोड ओळीत न देता चित्रातच दाखवता येईल का? आणि छापखान्यात फाइल उघडल्यावर मराठी अक्षरं बिघडतात, त्याला काय करावं?

अंकलिपी

येईल. पाचही खर्च परत सुटे लिहा आणि चेंज चार्ट टाइपमधून बार ऑफ पाय निवडा. मग फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये स्प्लिट सिरीज बाय: पर्सेंटेज व्हॅल्यू, 5 टक्क्यांपेक्षा कमी. विम्यापासून किरकोळपर्यंतचे पाच शेजारच्या उभ्या पट्टीत जातील. मुख्य वर्तुळातल्या तुकड्यावर इंग्रजीत 'अदर' येईल, ते लेबल निवडून त्यावर 'इतर' टाइप करा. पट्टीत टक्के न दाखवता रुपये दाखवा, नाहीतर तो 101 चा घोळ परत येईल.

टाकदौत

छापखान्याला एक्सेलची फाइल देऊच नका. निर्मला यूआय किंवा मुक्ता यांसारखा युनिकोड फाँट वापरा, पान पीडीएफ करा आणि तेच द्या. बरेच छापखाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात, तिथे मजकूर परत टाइप होताना जोडाक्षरं बिघडतात. पीडीएफमध्ये अक्षरं आहेत तशी राहतात. आधी एकच प्रत झेरॉक्स करून 'सुरक्षारक्षक' आणि 'लेखापरीक्षण' नीट वाचता येतंय का बघा, मग बाकीच्या काढा.