शिसं गेलं, पण नळी तोंडात धरू नका

"शिसं २००० सालीच बंद झालं, आता पेट्रोलची भीती कसली," असं एका दादांनी लिहिलंय. पहिला अर्धा भाग बरोबर. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते फार बरं झालं. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं, हाडांत वर्षानुवर्षं मुरून बसतं, आणि लहान पोरांच्या मेंदूला तर थोडंसंही बाधतं.

पण ते घालायचे इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबवायला. ती जागा भरायला ठिकठिकाणी ॲरोमॅटिक्स (पेट्रोलमधलीच काही रसायनं) वाढवले, त्यातलंच एक बेंझीन. त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. आपल्याकडे आता १ टक्क्याची मर्यादा आहे, पण आमच्या खानापूरच्या गॅरेजातलं पोरगं अजून नळी तोंडात धरून टाकीतलं पेट्रोल ओढतंय. थुंकतंय, तोंड पुसतंय, वर चहा पितंय. ग्रीसचे हातही पेट्रोलनंच धुतंय. सांगा की ओ त्याला कुणीतरी!

राहिलं पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल, म्हणजे आपला ऊसच. त्यात बेंझीन नाही, ऑक्टेनही (नॉकिंग रोखायची ताकद) चांगला. जळताना ॲसिटाल्डिहाइड नावाचं अपायकारक रसायन मात्र जास्त निघतं. तरी शिशापेक्षा कितीतरी परवडलं. मायलेजची कुरकुर मीही करतो, ती वेगळी.