मदत हवी आहे: ४५ पाउंडी रिकर्व्ह धनुष्यासाठी कुठलं ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं टोक) घेऊ?

मंडळी, मी मिशिगनमध्ये राहतो. १ ऑक्टोबरला हरणांच्या धनुष्य-शिकारीचा हंगाम सुरू होईल, तेव्हा पहिल्यांदाच रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य, माझं ओढायला ४५ पाउंड जोर लागतो) घेऊन रानात बसणार आहे. बाण लाकडी, म्हणजे टोक गरम गोंदाने चिकटवायचं. लागल्यावर उघडणारी पाती मी बादच केलीत. उघडण्यात जोर वाया जातो आणि माझ्या धनुष्यात तो आधीच बेताचा.

उरली दोन. एक झ्विकी एस्किमो, दुपाती, १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) वजनाचं. स्वस्त आहे, खोल घुसतं, पण धार नीट लावायला हवी आणि कानशीवर माझा कोन अजून हलतो. दुसरं तिपाती. दोन कडा सपाट दगडावर टेकवून घासल्या की कोन आपोआप जमतो, पण आमच्या दुकानात किंमत जवळपास दुप्पट. नेम चुकून दगडावर आपटलं तर? (चुकणारच आहे.)

१५ यार्डांच्या आतूनच बाण सोडेन. एवढ्या जोरात तिपातं बरगड्यांतून आरपार जातं का? की दुपातं घेऊन वाचलेले पैसे चांगल्या कानशीत घालू? जनावर जखमी होऊन निसटायला नको, बाकी खर्चाचं बघता येईल. आणि धार पुरेशी झाली हे कशावर तपासता, कागदावर की ताणलेल्या रबरबँडवर?