जीर्ण तिरंग्याचे काय करावे?

जीर्ण झालेला तिरंगा जाळणे हा अपमानच होय, असे आपण लिहिले आहे. त्यामागील कळकळ मला मनापासून पटते, परंतु नियम तसा नाही. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वज संहितेनुसार फाटलेला किंवा मळलेला ध्वज एकांतात, संपूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या अन्य रीतीने नष्ट करावयाचा असतो. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे ते सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळणे, विद्रूप करणे वा पायदळी तुडवणे. म्हणजे एकांतातील निरोप आणि चारचौघांत केलेली विटंबना यांत कायद्यानेच फरक केला आहे, आणि तो मला अगदी योग्य वाटतो.

ध्वज संहितेतील डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. हे कापड जळताना वितळते व घातक धूर सोडते, त्यामुळे तेथे ‘अन्य रीत’ शोधणेच बरे.

मला अधिक सलतात ते राष्ट्रीय सणाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे. तेही जमिनीवर टाकू नयेत, एकांतात सन्मानाने नष्ट करावेत, असे संहितेत स्पष्ट म्हटले आहे.